विमानालाही ‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर

डॉक्टर विमानालासुद्धा ‘आ करा’ म्हणत. इंजिनावरचं झाकण उघडायच्या आधी ते पुढ्यात स्टूल ओढून बसत, कपाळावरचा दिवा डोळ्यांवर सरकवत आणि अगदी मऊ आवाजात म्हणत, “हं, आ करा. मोठा आ. दुखणार नाही.” कर्वेनगरातल्या तमाम घाबरट पेशंटांना ते ज्या आवाजात म्हणत, त्याच आवाजात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. त्यांनी मान न वळवता विचारलं, “काय गं वऱ्हाड, तुमच्याकडे यंत्रांशी बोलत नाहीत का?” मी म्हटलं, “बोलतो ना. पण शिव्या देतो.” “तरीच,” डॉक्टर म्हणाले आणि कामाला लागले.

मी अमरावतीची, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव वऱ्हाड. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर तारखा विसरणार अशी तेव्हा आवई उठली होती, आणि त्या आवईच्या कृपेनं आम्हा कितीतरी पोरापोरींना पुण्यात नोकऱ्या लागल्या होत्या. डॉक्टरांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली. खाली एका बाजूला त्यांचा दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला ते आणि काकू. खोली बघायला आले तेव्हा बैठकीच्या खोलीत दिवाणापासून थेट देवघरापर्यंत एक लांबलचक चकचकीत वस्तू आडवी पडलेली दिसली. “हे काय आहे?” मी विचारलं. “पंख,” काकू म्हणाल्या. “डावा. उजवा गच्चीवर आहे. चहा घेणार ना?” पाहुण्यानं पंखाकडे पाठ करून बसायचं की तोंड करून, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता.

बाकीचं विमान पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होतं. येणारा-जाणारा डोकावून एकच गोष्ट विचारी, तेव्हा डॉक्टरांनी फाटकावर पाटी लावली होती : ‘विमान कधी उडणार हे विचारू नये. उडाल्यावर दिसेलच. दात दुखत असल्यास बेल वाजवावी.’

मला संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे दुपारभर मी घरी असे. दवाखाना एक ते चार बंद. त्या वेळात पुण्यात कोण कुणाच्या दारात जातं? सगळ्या गल्लीवर जेवणानंतरची झोप उतरलेली असे. बुचाच्या झाडाखाली रिक्षावाला पाय वर करून पडलेला, कुत्रीसुद्धा सावलीत आडवी. त्या शांततेत खालून बारीक आवाज येई : टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. डॉक्टर पत्र्याला पत्रा जोडत रिव्हेट मारत असत. मी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकत पडे आणि मला वाटे, हे सगळे झोपलेत म्हणूनच विमान वाढतंय. कुणी जागं होऊन नीट बघितलं तर ते वाढायचं थांबेल. काकू म्हणत, “अगं, आमच्या गल्लीत हल्ली सगळ्यांना उडायची स्वप्नं पडतात. माझ्या स्वप्नात मात्र मी खाली उभी राहून नुसती हाका मारते.”

विमानाचं वेड त्यांच्या डोक्यात कसबा पेठेत शिरलं. त्यांचं बालपण तिथल्या एका बोळातलं, जिथे समोरच्या घराच्या खिडकीतून आमटीला कशाची फोडणी बसली ते कळे. “आम्हाला आकाश तुकड्यानं मिळायचं,” ते सांगत. “दोन पन्हळींच्या मध्ये जेवढं दिसेल तेवढं. विमान गेलं तर आवाज ऐकून पळत बाहेर यायचं, तोवर शेपूट दिसायचं. मी तेव्हाच ठरवलं, एक दिवस अख्खं बघायचं. विमान नाही गं, आकाश.” पुढे दातांच्या कॉलेजात असताना कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी सुटे भाग जोडून घरी बांधायच्या विमानाची जाहिरात पाहिली. ते पान फाडून त्यांनी जपून ठेवलं. त्या काळी दाढीचं परदेशी ब्लेड मिळालं तरी माणूस चार घरी दाखवून यायचा. विमान कुठून येणार? मग आयातीची दारं उघडली, शहरात परदेशी गाड्या दिसू लागल्या, आणि डॉक्टरांनी ते पिवळं पडलेलं पान बाहेर काढलं. पेट्या आल्या तेव्हा बंदरावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं म्हणे, “मुलासाठी खेळणं का?” डॉक्टर म्हणाले, “हो. मूल थोडं मोठं आहे.”

काकूंनी कधी नाही म्हटलं नाही. त्या विमानाला घरातल्या एखाद्या वस्तूसारखं वागवत. गच्चीवरच्या उजव्या पंखावर जुनं धुतलेलं पातळ अंथरून त्यांनी एका उन्हाळ्यात कुरडया घातल्या. डॉक्टर वर गेले आणि डोक्याला हात लावून बसले. “अहो, एवढी सपाट आणि स्वच्छ जागा या घरात दुसरी आहे का कुठे?” काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी कुरडया वाळेपर्यंत दुसरं काम काढलं. त्यांनी विमान चालवायचं शिक्षण घेतलं तेव्हाही काकूंनी एकच प्रश्न विचारला होता, “उडवायचं शिकलात ते ठीक. उतरवायचं शिकवलं ना?” हा विनोद नव्हता. डॉक्टर धावपट्टीवर गेले की ते परत येईस्तोवर त्या फाटकाची कडी लावत नसत, हे मला वरून दिसे.

डॉक्टरांचं एक वाक्य मी अजून वापरते : “दुखतं तिथं नसतं.” माझी खालची दाढ ठणकू लागली तेव्हा मी तिच्यावर बोट ठेवून त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांनी किडलेला दात चाचपायची बारीक वाकडी सळई, त्यांचा प्रोब, घेतला आणि वरच्या दाढेला हलकेच लावला. मी किंचाळले. “बघ,” ते म्हणाले, “पेशंट बोट दाखवतो खाली आणि कीड असते वर. नस एकच ना. दुखणं निरोप्या आहे. निरोप्याला मारून काय उपयोग? निरोप पाठवला कुणी ते बघायचं.” त्याच आठवड्यात ऑफिसात एक प्रोग्राम अडला होता आणि आम्ही सगळे जिथे अडला तिथेच डोकं आपटत होतो. मी मागे मागे जात राहिले, तर चूक भलतीकडेच निघाली. साहेबांनी शाबासकी दिली. मी घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, “कॉम्प्युटरलाही दाढा असतात तर.”

त्यांचा तो प्रोब आणि तोंडात घालायचा छोटा आरसा विमानाच्या कामातही सतत हातात असे. पत्र्याला भोक पाडलं की त्याची धार मोडायची, आरसा आत घालून पलीकडून रिव्हेट नीट बसलाय का बघायचं. हात असा स्थिर की बघत राहावं. म्हणून मला आधी कळलं नाही. एका दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. प्रोबचं टोक पत्र्यावर वाजत होतं : टिकटिकटिक. डॉक्टरांनी उजवा हात डाव्या हातानं धरला. “दिसलं?” त्यांनी विचारलं. मी चहा खाली ठेवला. “वर्ष झालं. दात काढायचं काम मी आता दुसऱ्या डॉक्टर, जोशीणबाई, त्यांच्याकडे पाठवतो. लोकांना वाटतं, म्हातारा आळशी झाला.” मग चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं उचलला. “हा हात आहे तोवर एकदा वर जायचंय, वऱ्हाड. फार नाही, एकदाच. हिला सांगू नकोस.” मला एकदम रडू आलं. मी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

विमान ट्रकवरून सोलापूर रस्त्याच्या बाजूला, एका कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर गेलं. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे पंख जोडले गेले. हवाई दलातून निवृत्त झालेले एक विंग कमांडर, डॉक्टरांचेच जुने पेशंट, पहिल्या उड्डाणांची जबाबदारी घ्यायला तयार झाले होते. डॉक्टरांनी हाताचं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. विंग कमांडर म्हणाले, “माझ्या शेजारी बसायचं, मी सांगेन तेव्हाच विमान वळवायचा दांडा धरायचा. पण इंजिन न अडखळता तासभर चाललं पाहिजे, नाहीतर मी चढणार नाही. आणि संक्रांत झाली की मी मुलाकडे परदेशी चाललो, तेव्हा काय ते त्याच्या आत.” डॉक्टरांना एकट्यानं उडायची परवानगी आता मिळणार नव्हतीच. म्हणजे संक्रांतीच्या आत, नाहीतर कधीच नाही.

खंडेनवमीला आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. हत्यारांची पूजा असते त्या दिवशी. काकूंनी ताटात नटबोल्ट पिळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल आणि तो प्रोब मांडला, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. मग विमानाकडे वळल्या. नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार, तिन्ही चाकांना कुंकू, आणि शेवटी पेट्रोलच्या टाकीचं झाकण. त्यांच्या माहेरची रीत अशी, की जिथून अन्न आत जातं तिथलं बोट सगळ्यांत ठसठशीत. चुलीला, जात्याला, पुढे स्कूटर आली तेव्हा स्कूटरच्या टाकीला. तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी झाकणाच्या मधोमध लावलं, वर अक्षता दाबल्या आणि डोळे मिटून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. विंग कमांडरांनी टोपी काढली. बाहेर गवत पिवळं होऊ लागलं होतं, वाऱ्यानं ते एका बाजूला लवे आणि पुन्हा उभं राही. मला वाटलं, विमान आत्ताच हललं.

आणि त्यानंतर विमानानं रडीचा डाव मांडला. इंजिन छान सुरू व्हायचं, पाच-दहा मिनिटं गुरगुरायचं, मग खोकून बंद. सगळे धावत जायचे. पहिल्यांदा काय बघायचं? पेट्रोल. झाकण उघडायचं, टाकी भरलेली. झाकण लावायचं, इंजिन पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. पुन्हा थोड्या वेळानं खोकला. डॉक्टरांनी कार्ब्युरेटर खोलला, स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलचा पंप काढून बसवला, नळ्या फुंकून पाहिल्या. “आ करा,” “अजून मोठा आ,” चाललेलंच. दिवाळी आली आणि गेली. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाई, दिवा धरी, आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचं टाळी. विंग कमांडर एकदा म्हणाले, “डॉक्टर, जमिनीवर बंद पडतंय ही देवाची कृपा समजा.” डॉक्टरांनी हत्यारं आवरली. परतीच्या वाटेवर गाडीत ते नुसते काचेतून वर बघत होते. लोणीच्या आसपास म्हणाले, “दुखतं तिथं नसतं, हे मीच सांगतो. पण हे कुठं दुखतंय तेच बोलत नाही गं.”

एका रविवारी सकाळी निघायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. काकू तेलाचा नवा डबा फोडत होत्या. त्यांनी खिळा ठेवून बत्त्यानं एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल गटक् गटक् करून थोडं आलं आणि थांबलं.

“काहून थांबलं?” मी विचारलं.

“थांबणारच,” काकू म्हणाल्या, आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरा खिळा ठोकला. तेलाची सरळ धार लागली. “अगं, एका भोकानं तेल कधी येतं का? आत हवा जायला नको? श्वासच घेतला नाही तर डबा देईल कसं?”

डॉक्टरांचा कप तोंडाशीच राहिला. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग काकूंच्या बोटांकडे. मग कप तसाच ठेवून ते उठले आणि चपला घालू लागले. “अहो, पोहे?” काकूंनी विचारलं, तोवर मी त्यांच्यामागे धावत गाडीत बसले होते आणि गाडी सुरू झाली होती.

टाकीच्या झाकणाला मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जावी म्हणून. ते भोक आता दिसत नव्हतं. त्यावर खंडेनवमीचं कुंकू होतं, दगडासारखं वाळलेलं. पूजेचं कुंकू कोण पुसतो? दीड महिना आम्ही सगळ्यांनी ते झाकण शंभरदा हाताळलं होतं, आणि दर वेळी कुंकवाला बोट लागू नये म्हणून कडेनं धरलं होतं. पेट्रोल बघायला झाकण उघडलं की टाकी श्वास घेई, म्हणून इंजिन पुन्हा चाले. तपासणीच औषध होत होती, आणि आम्हाला रोग सापडत नव्हता.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. “आ करा,” ते अगदी हळू म्हणाले. डाव्या हातानं मनगट धरून त्यांनी प्रोबचं टोक त्या भोकात घातलं. लालपिवळा एक मणी निघाला, त्यात अर्धी अक्षता. तो त्यांनी रुमालात घेतला आणि रुमाल खिशात ठेवला. त्या दिवशी इंजिन तासभर चाललं. मग आणखी तासभर. विंग कमांडर हसत सुटले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, “हे वर गेल्यावर झालं असतं तर?”

परत येताना डॉक्टर म्हणाले, “वऱ्हाड, कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता. समजलं?”

“पण काकूंनीच तर—”

“कचरा होता,” ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज बदलला. “तिनं ते कुंकू विमानाला लावलेलं नाही गं. माझ्या जिवासाठी लावलंय. त्यानंच माझा जीव गेला असता, हे तिला कशाला कळायला हवं?” घरी पोचल्यावर त्यांनी काकूंना कचऱ्याचं सांगितलं. काकू म्हणाल्या, “तरी मी म्हणत होते, नीट पुसून घेत जा,” आणि थंड झालेले पोहे परत गरम करायला घेतले.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी विमान उडालं. डाव्या खुर्चीत डॉक्टर, उजव्या खुर्चीत विंग कमांडर. गवतावर दव होतं. विमान आमच्यासमोरून धावत गेलं, चाकं आणि जमीन यांच्यात एक उजेडाची रेघ दिसली, आणि ती रुंद होत गेली. आवाज बारीक झाला. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या आणि हाक मारत नव्हत्या. पलीकडच्या उसावर सूर्य आला होता, त्यात ते चांदीच्या वर्खासारखं एकदा चमकलं, मग नुसतं आकाश राहिलं. डॉक्टरांना हवं होतं ते, अख्खं. पुण्यावरून जायची परवानगी नव्हती, खडकवासल्याचं पाणी लांबून दिसलं म्हणे, कपाळावर टिकली असावी तेवढं. उतरल्यावर मी धावत गेले आणि पहिलं त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांना कळलं. “वर दांडा, काच, खुर्ची, विंग कमांडर, सगळंच थरथरतं गं,” ते म्हणाले. “त्यात माझा हात कुणाला ओळखू येतो?” आणि ते इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

एकदाच म्हणाले होते, पण संक्रांतीपर्यंत तीन-चारदा तरी गेले. मग विंग कमांडर मुलाकडे गेले आणि विमान शेडमध्ये राहिलं. डॉक्टर महिन्यातून एकदा इंजिन चालवून येत. दर खंडेनवमीला काकू झाकणावर तसंच ठसठशीत बोट लावत, आणि त्या ताट आवरायला वळल्या की डॉक्टर प्रोबनं ते भोक मोकळं करत. मी त्या वेळी काकूंना काहीतरी विचारून बोलण्यात गुंतवायचं, हे माझं काम ठरलेलं. हात फारच हलू लागला तेव्हा त्यांनी प्रोब माझ्याकडे दिला आणि काकूंना बोलण्यात गुंतवायचं काम स्वतःकडे घेतलं. मी लग्न होऊन बाणेरला गेले, माझ्या हाताखाली माणसं आली, त्यांना मी ‘दुखतं तिथं नसतं’ सांगू लागले. डॉक्टर गेले ते एका दुपारी, दवाखाना बंद असतो त्या वेळात. गल्ली झोपलेली होती. मला फोन आला तेव्हा मी आधी कान देऊन ऐकलं, कुठून टक् आवाज येतोय का.

काकूंनी विमान शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला दिलं. मुलांनी ते मोठ्या हॉलमध्ये नीट मांडलंय. गेल्या खंडेनवमीला काकूंना मी तिकडे घेऊन गेले. टाकी केव्हाच कोरडी झालेली. काकूंनी काठी भिंतीला टेकवली, पंख्याला हार घातला, चाकांना कुंकू लावलं आणि झाकणाच्या मधोमध ते बोट लावून अक्षता दाबल्या. सवयीनं मी म्हटलं, “काकू, ते बाहेर झाड कसलं हो?”

“पुरे,” काकू म्हणाल्या. “बुचाचं आहे, तुलाही माहितीये.” त्यांनी पर्स उघडली आणि प्रोब काढला. डॉक्टर गेले तेव्हा तो मीच काकूंना परत दिला होता. “त्या दिवशी त्यांनी रुमाल धुवायला टाकला होता. त्यात कुंकू आणि अर्धी अक्षता. तेलाच्या डब्याकडे बघून का पळाले तेही कळलं मला. धुतला रुमाल आणि गप्प बसले.”

“मग दरवर्षी का लावत होतात?”

“लावलं नसतं तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. आणि मी पाठ वळवली की ते साफ करतात, ठाऊक होतं की. म्हणून तर निर्धास्त लावत होते.” त्यांनी प्रोब पुढे केला. त्याचं टोक हवेत हलत होतं. “माझा हात हलतो आता. तू कर.”

“काकू, आता हे उडणार थोडंच?”

“उडायचं नसलं तरी श्वास नको का घ्यायला?”

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले. कुंकू अजून ओलं होतं. “हं,” मी म्हटलं, “आ करा. मोठा आ.”

माझ्या खांद्यावर हात ठेवून काकू म्हणाल्या, “दुखणार नाही.”